सातव्या प्रकरणातलं वाक्य

४ जानेवारी

वहिनी,

एकमेकांची खुशाली विचारणं आपल्यात कधीच बंद झालंय, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

तुमच्या प्रकाशकानं दादाच्या शेवटच्या कादंबरीची प्रूफं मला पाठवलीत. सोबत चिठ्ठी आहे, की पुस्तकाच्या सुरुवातीला धाकट्या भावाच्या आठवणींचं एखादं पान असावं. मी लिहिणार होतो, खरंच. त्याआधी प्रूफं वाचायला घेतली आणि सातव्या प्रकरणापाशी थांबलो.

ते प्रकरण पुस्तकातून काढून टाका.

त्यातला उपदेशक प्रार्थना म्हणतो आणि दगडासारखा वागतो. वाचणाऱ्याला वाटेल की प्रार्थना माणसाला दगडच करते. मी ज्यांना उपदेश करतो त्या आमच्या मंडळींत चारशे माणसं आहेत. त्यांतली बरीचशी आयुष्यात दुसरं काही न जमल्यावर आमच्या दारात आलीत. त्यांच्या श्रद्धेवर थुंकायचा परवाना दादाला कुणी दिला? वीस वर्षांत तो प्रार्थनाघराची पायरी चढला नाही. आत काय चालतं हे त्याला बसल्या जागी बरं दिसलं!

दादाला निरोप देताना तुम्ही मला दोन ओळी म्हणू दिल्या नाहीत. सगळ्यांसमोर हातातली पोथी मिटायला लावलीत. तेव्हा मी मूग गिळून गप्प बसलो. या वेळी बसणार नाही.

तुमचा दीर


११ जानेवारी

भावजी,

पत्र मिळालं. पाकीट फोडताना वाटलं, आठ महिन्यांनी का होईना, वहिनी एकटी कशी राहते हे विचारायचं सुचलं असेल. निघाली नोटीस.

आधी पोथीचं. ह्यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं : 'मी गेल्यावर माझ्यावर कुणी काही पुटपुटायचं नाही, धाकट्यानं तर मुळीच नाही.' दवाखान्यात, नाकात नळी असताना सांगितलं होतं. चारचौघांत तुम्हाला हे वाक्य ऐकवलं नाही, याबद्दल खरं तर तुम्ही माझे आभार मानायला हवेत.

आता प्रकरणाचं. सव्वीस वर्षं मी वर्तमानपत्रात प्रूफं तपासते. मजकूर वाचून माझे डोळे निबर झालेत. नवऱ्याची सहा पुस्तकं तपासताना एकदाही पेन्सिल अडली नाही, आणि ते ह्यांना ठाऊकही होतं. 'तू वाचक नाहीस, चाळणी आहेस,' असं म्हणायचे. पण सातवं प्रकरण मला पूर्ण करता आलं नाही. पेन्सिल ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहिले.

तो उपदेशक पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं बोलतो. आजारी मुलीच्या खाटेशी तो बसलाय. आई औषधांच्या खिडकीशी रांगेत आहे, वीस पावलांवर. मुलगी आईला बोलवा म्हणते. तो उठत नाही, कारण प्रार्थना अर्धी राहील. प्रार्थना संपते तेव्हा मुलगीही संपलेली असते. आणि मग तो धावत आलेल्या आईला एक सुंदर थाप मारतो : ती हसत गेली, म्हणाली, मला भीती वाटत नाही.

आणि त्या मुलीचं खरं शेवटचं वाक्य! 'आईला बोलवा. काळोखाला माझं नाव माहीत नाही.' भावजी, तुमच्या सगळ्या पोथ्या पिळून काढल्या तरी असा एक थेंब निघायचा नाही. ह्यांनी सहा पुस्तकांत जे लिहिलं नाही ते या वीस पानांत लिहिलंय.

तुम्हाला ते झोंबलं म्हणजे ते बरोबर जागी लागलंय. काढणार नाही.

वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. तरी दोन दिवस थांबलो, मग लिहायला बसलो.

लेखक मंडळींचा मोठेपणा मी लहानपणापासून बघतोय. आमचे वडीलही उपदेशकच, दिवसभर लोकांची दुखणी ऐकायचे, आणि ती दुखणी त्यांच्यासोबतच गेली. एक अक्षर बाहेर आलं नाही. दादा मात्र कुणाच्या घरी दोन घटका बसला, की वर्षभरात त्या घराची कथा छापून यायची. शेजारच्या काकूंनी त्याच्याशी बोलणं का टाकलं, विचारलंत कधी? आम्ही ऐकतो आणि पोटात ठेवतो. तुम्ही ऐकता आणि विकता.

तुम्ही त्या मुलीच्या वाक्याचे गोडवे गाता. एका पोरीचा जीव गेला आणि तुम्हाला वाक्य किती छान जमलंय याचं कौतुक! त्या खोलीत दादा नव्हता. तिथं काय झालं, तो वास कसला होता, बाहेर ट्रॉलीचं चाक कसं करकरत होतं, यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं.

प्रार्थनाघराच्या विश्वस्तांनी प्रकाशकाला पत्र धाडलंय. वेळ पडली तर कोर्टात जाऊ असंही त्यात आहे. पुढचं तुमच्या हातात.

तुमचा दीर


२७ जानेवारी

भावजी,

विश्वस्तांचं पत्र पोचलं. प्रकाशक इतके खूश झाले की त्यांनी ते फ्रेम करून लावायचंच बाकी ठेवलंय. म्हणाले, 'वहिनी, अशी दोन-चार पत्रं अजून आली तर दुसरी आवृत्ती आत्ताच काढतो.' तुमच्या विश्वस्तांना माझे धन्यवाद कळवा.

पण मला वेगळंच विचारायचंय. कुठली खोली?

कादंबरीतली खोली ही कल्पनेतली खोली. तिथं कुणीच नसतं. 'त्या खोलीत दादा नव्हता' हे वाक्य तिथं दुसरं कुणीतरी असल्याशिवाय लिहिता येत नाही. आणि ट्रॉलीच्या करकरणाऱ्या चाकाबद्दल लिहिलंत, ते सातव्या प्रकरणात नाही. मी परत एकदा ओळ न् ओळ पाहिली. वास आहे, चाक नाही.

माझं काम चुका शोधण्याचं आहे. तुमच्या पत्रात मला एक सापडली. तिचा खुलासा करा, नाहीतर मी तिकडे येऊन तुमच्या मंडळींसमोर विचारीन. मी येते म्हटलं की येते, हे तुम्हाला माहीत आहे.

वहिनी


८ फेब्रुवारी

वहिनी,

धमकी द्यायची गरज नव्हती. परंतु दिलीत ते बरं केलंत. नाहीतर मी आणखी एक खोटं पत्र लिहिलं असतं.

ते प्रकरण दादानं लिहिलेलं नाही. मी लिहिलंय.

सहा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात. मी त्याला तीन पत्रं पाठवली होती. तुम्ही तेव्हा तुमच्या आईच्या आजारपणात माहेरी होता. मला बोलायला कुणी नव्हतं. उपदेशकाकडे सगळे बोलायला येतात. उपदेशकानं कुठं जायचं? जगात एकाच माणसाला सांगितलं, आणि तो निघाला लेखक. त्यानं उत्तर पाठवलं होतं, 'ये, दोन दिवस राहून जा.' मी गेलो नाही. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. मला वाटलं, त्यानं पोटात ठेवलं.

मुलगी सात वर्षांची होती. तिची आई आमच्या मंडळींतलीच, शिवणकाम करते. सगळे तिला शिवणताई म्हणतात. नवरा आधीच गेलेला. मी खाटेशी काय केलं आणि काय केलं नाही, ते तुम्ही वाचलंयत. परत लिहिण्याचं बळ माझ्यात नाही. सगळं तसंच घडलं.

शिवणताई औषधं घेऊन आली तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं : 'ती हसली आणि म्हणाली, मला भीती वाटत नाही, मी घरी चालले.' मी ठरवून बोललो नाही. तिचा चेहरा पाहिला आणि बोललो. ती बाई खाली बसली, माझे हात धरले आणि म्हणाली, 'बरं झालं तुम्ही होता.' वहिनी, हे ऐकून घ्यावं लागलेला माणूस मी आहे.

वाक्य मंडळींत पसरलं. महिन्याभरात विश्वस्तांनी ते प्रार्थनाघराच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं. दूरदूरची दुःखी माणसं ते वाचायला येतात. शिवणताई रोज सकाळी कामाला बसण्याआधी तिथं येऊन उभी राहते. सहा वर्षं. ती त्या वाक्यावर जगते. तुमचं पुस्तक इथं येईल, कुणीतरी वाचेल, कुणीतरी तिला सांगेल. मग ती कशावर जगणार?

म्हणून प्रकरण काढा म्हटलं. धर्माचं निमित्त पुढं केलं, कारण तेच हाताशी होतं.

पत्रं तुमच्याच घरात असतील. दादा काही फेकत नसे.

धाकटा


२० फेब्रुवारी

भावजी,

पत्रं सापडली. वीजबिलांच्या फायलीत, बिलांच्या मागे. माझा हात तिथं जाणार नाही हे ह्यांना ठाऊक होतं. बिलं तेच भरायचे.

काल दिवसभर कामावर गेले नाही. टेबलावर एका बाजूला तुमची पत्रं ठेवली, दुसऱ्या बाजूला सातवं प्रकरण, आणि मुळाशी ताडून पाहिलं, जसं रोज पाहते. 'दादा' खोडून 'मित्रा' केलंय. गावाच्या खुणा काढल्यात. तुमची सही खोडलीय. चाकाची ओळ गाळलीय. एका ठिकाणी तुमची ओळ पेन्सिलीनं इतकी गिरवलीय की खालचं एक अक्षर वाचता येत नाही. वर ह्यांच्या अक्षरात मुलीचं ते काळोखाचं वाक्य आहे. बाकी सगळं तुमचं, जसंच्या तसं.

मला आधीच कळायला हवं होतं. ह्यांनी जन्मात 'परंतु' लिहिलं नाही, नेहमी 'पण'. या प्रकरणात पानोपानी 'परंतु'. मला वाटलं, पात्राची भाषा वेगळी ठेवलीय, काय बारकाई! नवऱ्याचं कौतुक करत बसले होते.

कुणावर चिडू? जो गेलाय त्याच्याशी भांडता येत नाही. काल भिंतीवरचा ह्यांचा फोटो उतरवून कपाटात ठेवला. आज परत लावला. उद्याचं सांगता येत नाही.

पण तुम्हाला सोडत नाही. तुम्ही लेखकांना विकणारे म्हणता. ह्यांनी चोरी केली, मान्य. पण भिंतीवर जे रंगवलंय तीही कथाच आहे, भावजी, आणि ती तुम्ही रचलीत. ह्यांनी निदान वर 'कादंबरी' असं छापलं. तुम्ही काय छापलंत? एका बाईच्या पोरीच्या तोंडात तुम्ही तुमचं वाक्य घातलंत, आणि सहा वर्षं तिला त्याच्यासमोर उभं केलंत. ती त्या वाक्यावर जगते म्हणता. मला वाटतं, तुम्ही जगता. ती खरं ऐकून कोसळेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं? विचारलंत तिला?

प्रकरण मी काढणार नाही. ते खरं आहे, म्हणूनच नाही काढणार. पण परक्या तोंडून तिला ते कळू नये, इतपत माणुसकी माझ्यातही आहे. एप्रिलच्या मध्यावर पुस्तक छपाईला जाईल. तोवर तुम्ही जाऊन सांगा. प्रूफं तुमच्याकडे आहेतच.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

सांगितलं. परवा दुपारी.

पाच आठवडे रोज तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होतो. परवा तीच दारात उभी होती. म्हणाली, 'गुरुजी, रोज कुठवर येता आणि परत जाता? या आत.'

एकच खोली. मशीन खिडकीशी, बाजूला शाळेच्या गणवेशांचा ढीग, बाह्या लावायच्या राहिलेल्या. मी स्टुलावर बसलो. तोंडानं सांगायला जमेना, म्हणून म्हटलं, 'भावाच्या पुस्तकातलं थोडं वाचून दाखवतो.' ती म्हणाली, 'वाचा की. मी टीप घालत ऐकते.' मी वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर मशीन थांबलं.

मी थांबलो नाही. याही वेळी थांबलो नाही, असं आता वाटतं. काळोखाच्या वाक्यापाशी आलो तेव्हा ती म्हणाली, 'थांबा. हे कोण बोललं?'

'मुलगी.'

'माझी?'

मी होकारार्थी मान हलवली.

'खोटं आहे. असं ती बोलणारच नाही. सात वर्षांची पोर काळोखाला नाव कशाला सांगेल? तिला काळोखाची भीतीच नव्हती.' मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, 'भिंतीवरचं पण तिचं नाही ना?'

'नाही.'

'मग काय म्हणाली ती?'

वहिनी, दादानं गिरवलेली ओळ तीच होती. प्रूफात नवं वाक्य वाचलं तेव्हा ते माझं नव्हतं हे मला लगेच कळलं होतं. गप्प बसलो, कारण ते खऱ्यापेक्षा सुंदर होतं आणि त्या वाक्यामागं लपणं सोपं जात होतं. शिवणताईला मी खरं सांगितलं. मुलगी म्हणाली होती, 'आईला हाक मारा ना. तिची पिशवी इथंच आहे.'

तिनं सुईखालचा गणवेश ओढून मांडीवर घेतला. मग म्हणाली, 'परत सांगा.' मी परत सांगितलं. तिनं चार वेळा सांगायला लावलं.

'पिशवीत नवा फ्रॉक होता,' ती म्हणाली. 'घरी जाताना घालायचा म्हणून शिवलेला. म्हणून तिचं पिशवीकडे लक्ष.' आणि मग, आवाज न चढवता : 'तुम्ही बदललंत. तुमच्या भावानं बदललं. माझ्या पोरीचं बोलणं काय वाईट होतं हो?'

मी तिच्या पायाशी वाकायला गेलो. तिनं पाय मागे घेतले. म्हणाली, 'तुम्ही हाक मारली असतीत तर मी पळत आले असते. वीस पावलं होती. आता उठा. या उंबऱ्यावर परत यायचं नाही. आणि पुस्तकात ती जे म्हणाली ते घाला. तेवढं करा.'

काल विश्वस्तांपुढं सगळं कबूल केलं आणि भिंतीवरचं वाक्य पुसा म्हटलं. त्यांनी मला पदावरून काढलं. वाक्य ठेवलं. थोरले विश्वस्त म्हणाले, 'खरं-खोटं तुमचं तुम्ही बघा. लोकांना त्या भिंतीचा आधार आहे.' हे शब्द मीच त्यांना शिकवलेत.

वाक्य दुरुस्त करा. ही विनंती माझी नाही, तिची आहे. माझं नाव हवं तर घाला. आता लपवायला काही उरलेलं नाही. तुम्ही मला यात ढकललंत, हे मात्र मी विसरणार नाही.

धाकटा


११ एप्रिल

भावजी,

ढकललं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. फक्त इतकंच, की तुमचं पत्र वाचल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

छापखान्यात गेले तेव्हा पानं मशीनवर चढायची होती. प्रकाशकांनी नवं वाक्य वाचलं आणि हातच जोडले. 'अहो वहिनी, पिशवी काय? सगळं प्रकरण काळोखाच्या वाक्यावर उभंय! मागच्या पानावर तेच छापतोय आपण.' मी म्हटलं, 'मागचं पानही बदला.' ते म्हणाले, 'साहित्याची हानी होतेय.' मी म्हटलं, 'होऊ दे.' तासभर भांडण झालं. यंत्रावरचे दोघे काम टाकून ऐकत होते. शेवटी मी म्हटलं, पुस्तकाचे हक्क आता माझ्याकडे आहेत, वाक्य बदलणार नसाल तर पुस्तकच मागे घेते. तेव्हा बदललं.

प्रकरणाखाली एक ओळ घातलीय : हा मजकूर लेखकाच्या धाकट्या भावाच्या पत्रांतला आहे, लेखकानं तो न विचारता घेतला. टीकाकार काय ते म्हणोत. सहा पुस्तकं ह्यांची, ही वीस पानं तुमची.

एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. त्या वर्षी मी माहेराहून परतले तेव्हा हे एका वाक्याशी झुंजत होते. एकदा जेवताना म्हणाले, 'हे कसं वाटतं?' आणि ते काळोखाचं वाक्य म्हणून दाखवलं. मी घास हातात धरून म्हटलं, 'वा! हेच ठेवा.' त्या पोरीचं बोलणं बदलायला तिघं होतो, भावजी. तिसरी मी.

तुमच्याशी माझं जमलंय असं समजू नका. हाक न मारणारा माणूस मला कळत नाही आणि कळून घ्यायचाही नाही. शिवणताईंना प्रत मी स्वतंत्र पाठवीन. तुमच्या हातून नको.

वहिनी


९ जून

वहिनी,

पुस्तक मिळालं. ते एकच पान पाहिलं. वाक्य बरोबर आहे. बाकीचं वाचणार नाही.

मी आता लाकडाच्या वखारीत नोंदी ठेवतो. आठवड्याच्या प्रार्थनेला जातो, शेवटच्या रांगेत बसतो. मला का काढलं हे विश्वस्तांनी मंडळींना सांगितलेलं नाही, तरी कुणी शेजारी बसत नाही. नवा उपदेशक तरुण आहे, आवाज चांगला आहे.

कालची गोष्ट. प्रार्थना मध्यावर असताना शिवणताई उठल्या. एप्रिलपासून त्या आल्या नव्हत्या. हातात तुमचं पुस्तक. त्या पुढं गेल्या आणि मंडळींकडे तोंड करून वाचायला लागल्या. उपदेशक म्हणाला, 'ताई, प्रार्थना पूर्ण होऊ दे.' त्या म्हणाल्या, 'सहा वर्षांपूर्वी पूर्ण झाली होती ती. आता माझं ऐका.' आणि सगळं वाचलं. शाळा चौथीपर्यंत झालीय त्यांची, बोट ओळीखाली ठेवून वाचत होत्या. पिशवीच्या वाक्याशी आल्या तेव्हा बोट उचललं आणि ते मान वर करून म्हटलं, न बघता.

मग पुरुषांच्या बाजूनं एकजण मोठ्यानं म्हणाला, 'पुस्तकातलं आहे हो ते. लेखक काहीही लिहितात. खरं थोडंच असणार!' बऱ्याच जणांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. कुणी कुणी हसलंही. शिवणताई तशाच उभ्या होत्या. त्यांच्याजवळ दाखवायला पुस्तकाशिवाय काही नव्हतं.

मी उठलो आणि म्हणालो, 'खरं आहे. मी तिथं होतो. मी हाक मारली नाही.'

पुढचं लगेच झालं. चौघांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. सदऱ्याची बाही उसवली. पायरीवर बसून होतो तेव्हा शिवणताई बाहेर आल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. परंतु जाताना माझ्याशेजारी क्षणभर थांबल्या, आणि मग गेल्या.

तुम्हाला कळवायला हवं होतं, म्हणून कळवलं. उत्तर नको.

धाकटा